छापील करार

छापील करार : (प्रमाण नमुना करार, ठरीव नमुन्याचा करार). एका पक्षाने मजकूर आधीच ठरवून ठेवलेला आणि दुसऱ्या पक्षाने सही, अंगठा किंवा ‘मान्य आहे’ या बटणाने फक्त स्वीकारायचा करार. बँकेचे खाते, विमापत्र, सदनिकेचे करारपत्र, नोकरीचे नेमणूकपत्र, सिमकार्डाचा अर्ज, लाँड्रीची पावती, वाहनतळाचे तिकीट हे त्याचे नेहमीचे प्रकार होत. सामान्य माणसावर कंपन्यांची सत्ता प्रमाणाबाहेर वाढली आहे काय, या वादात भांडवल, मक्तेदारी आणि राजकीय देणग्या यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. ही सत्ता ग्राहकाच्या अंगाला लागते ती मात्र या कागदातून. त्यामुळे कायद्याच्या अभ्यासात हा वाद मुख्यतः कराराच्या अटींभोवती मांडला जातो.

संज्ञा : फ्रेंच विधिज्ञ रेमाँ सालेय याने १९०१ मध्ये अशा करारांना दिलेल्या नावाचा अर्थ ‘सामील होण्याचा करार’ असा होतो. तहाचा मसुदा काही राष्ट्रांनी ठरवावा आणि इतरांनी मागाहून त्यात सामील व्हावे, तसा ग्राहक तयार मजकुरात सामील होतो. ही संज्ञा एडविन पॅटरसन या अमेरिकी अभ्यासकाने १९१९ मध्ये आयुर्विम्यावरील एका लेखातून इंग्रजी भाषेतील कायद्याच्या परिभाषेत आणली. भारतीय न्यायालये बहुधा ‘ठिपक्यांच्या रेघेवर सही करण्याचा करार’ असे म्हणतात. मराठीत ‘छापील करार’ हेच नाव रूढ आहे. हल्ली बरेच करार छापलेलेच नसतात, तरी नाव टिकून आहे.

उगम : याविषयी एकमत नाही. एक मत सागरी विम्याकडे जाते. लंडनच्या लॉइड्स या विमा व्यावसायिकांच्या संघटनेने १७७९ मध्ये जहाज व माल यांच्या विमापत्राचा एकच नमुना स्वीकारला. ब्रिटनच्या १९०६ च्या सागरी विमा कायद्याने तो परिशिष्टात घेतला. मात्र तेथे दोन्ही बाजूंना मुरलेले व्यापारी असत. मजकुरातील शब्दन् शब्द त्यांच्या ओळखीचा होता आणि न पटल्यास दुसऱ्या विमेकऱ्याकडे जाण्याची सोय होती. नमुना एकच असणे आणि एका पक्षाला बोलायला जागाच नसणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरे मत रेल्वेपासून सुरुवात करते आणि ते अधिक ग्राह्य वाटते. पार्कर विरुद्ध साउथ ईस्टर्न रेल्वे (१८७७) या इंग्लंडमधील खटल्यात एका प्रवाशाने चेरिंग क्रॉस स्थानकाच्या सामानघरात बॅग ठेवली. पावतीच्या दर्शनी बाजूवर ‘मागे पाहा’ असे होते आणि मागे १० पौंडांवरील मालाची जबाबदारी कंपनीवर नाही, असे छापले होते. बॅग हरवली, तिची किंमत २४ पौंड १० शिलिंग होती. अपील न्यायालयाने फेरसुनावणीचा आदेश दिला आणि अट वाचली होती काय, याऐवजी कंपनीने अटीची पुरेशी जाणीव दिली होती काय, हा प्रश्न कळीचा ठरवला. पुढील सुमारे ९० वर्षे इंग्रजी कायदा याच कसोटीवर चालला. १९७१ मध्ये वाहनतळाच्या स्वयंचलित यंत्राच्या खटल्यात न्यायमूर्ती डेनिंग यांनी तिची मर्यादा दाखवली. यंत्रातून तिकीट बाहेर येते तोवर पैसे गेलेले असतात आणि यंत्राशी हुज्जत घालता येत नाही. म्हणून तिकिटावरील अट उशिरा आलेली आणि निष्फळ ठरली.

महाराष्ट्राच्या दृष्टीने तिसरा धागा महत्त्वाचा आहे, जरी तो कंपन्यांशी थेट निगडित नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दख्खनचे दंगे सुरू झाले. शेतकऱ्यांचा रोख सावकाराच्या घरापेक्षा त्याच्या दप्तरावर होता. कर्जाचे रोखे आणि खते हिसकावून जाळली गेली. त्यानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायालयाला रोख्यावरील आकड्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहारापासूनचा हिशेब तपासण्याचा अधिकार दिला, आणि शेतकऱ्याची खते ग्रामनिबंधकासमोर लिहिली जावीत अशी तरतूद केली. रोखे हाताने लिहिलेले होते आणि प्रत्येकाचा मजकूर वेगळा असे. त्यामुळे काही लेखक त्यांना या प्रकारात धरत नाहीत. तो आक्षेप रास्त आहे. तरीही सही झाली म्हणजे प्रश्न संपला, हे गृहीतक आपल्याकडे कायद्याने येथे सोडले, याची नोंद घ्यायला हवी.

रचना : बहुतेक छापील करारांत पाच-सहा अटी फिरून फिरून येतात. (१) जबाबदारीची कमाल मर्यादा. (२) एकतर्फी बदलाचा अधिकार : ‘दर व अटी पूर्वसूचनेशिवाय बदलू शकतात.’ (३) विषम दंड : ग्राहकाने उशीर केल्यास मोठे व्याज, कंपनीने केल्यास नाममात्र. (४) दाव्याची मुदत कायद्याहून कमी करणे. (५) न्यायक्षेत्र : बिलाच्या तळाशी असलेले ‘मुंबई न्यायक्षेत्राच्या अधीन’. (६) लवाद, आणि लवाद नेमण्याचा अधिकार कंपनीकडेच.

यांतील पहिल्या अटीचे जुने भारतीय उदाहरण लाँड्रीचे आहे. मद्रास उच्च न्यायालयाच्या १९६० च्या दशकातील निकालात २२० रुपयांची नवी साडी लाँड्रीने हरवली होती. पावतीवर बाजारभावाच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त भरपाई मिळणार नाही असे छापले होते. म्हणजे देणे ३३ रुपये. अशी अट मान्य केली तर हरवण्याचे भय न राहता ते फायद्याचे ठरेल, या आशयाच्या कारणाने न्यायालयाने ती सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरवली. साडी कपाटात ठेवून ३३ रुपये टेकवणाऱ्याला ही अट बक्षीसच देत होती.

भारतीय कायदा : १८७२ च्या भारतीय करार अधिनियमात छापील करारासाठी वेगळे कलम नाही. कलम १६ (गैरवाजवी दडपण), २३ (सार्वजनिक धोरण), २८ (न्यायालयात जाण्यास आडकाठी) आणि ७४ (दंडाची रक्कम ही भरपाईची कमाल मर्यादा, वाजवी तेवढीच द्यायची) यांवर काम भागवले जाते. मुदत उलटताच हक्कच नाहीसा करणाऱ्या अटी कलम २८ मध्ये १९९७ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने शून्य (रद्दबातल) ठरल्या. विधी आयोगाने १९८४ च्या १०३ व्या अहवालात अन्याय्य अटींसाठी नवे कलम सुचवले आणि २००६ च्या १९९ व्या अहवालात स्वतंत्र विधेयकाचा मसुदा दिला. दोन्ही कागदावरच राहिले. इटलीने १९४२ च्या नागरी संहितेतच जाचक अटींखाली वेगळी सही सक्तीची केली होती आणि ब्रिटनने १९७७ मध्ये अन्याय्य अटींचा कायदा केला, हे पाहता आपल्याकडील विलंब डोळ्यांत भरतो.

पोकळी न्यायालयांनी भरली. सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट महामंडळाच्या खटल्यात (१९८६) कारण न देता तीन महिन्यांच्या नोटिशीवर कायम कर्मचाऱ्याला काढण्याचा नियम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. सौदाशक्ती अगदी विषम असेल आणि दुर्बल पक्षापुढे पर्यायच नसेल, तर अन्याय्य अट कलम २३ खाली शून्य ठरते, हे त्यातील सूत्र. बरोबरीच्या व्यापाऱ्यांमधील करारांना ते लागू नाही, हेही तेथेच सांगितले आहे. महामंडळ सरकारी असल्याने निकालाला संविधानाच्या अनुच्छेद १४ चाही (समानतेने वागण्याचे सरकारवरील बंधन) आधार होता. खासगी कंपनीविरुद्ध तो आधार नसतो आणि कलम २३ वरच भिस्त ठेवावी लागते. सूत्र उद्धृत करताना हा फरक अनेकदा निसटतो. उलट बाजूही आहे. न वाचता केलेली सहीसुद्धा सामान्यतः बंधनकारक असते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये पुन्हा सांगितले. विजया बँकेच्या प्रकरणात (२०२५) किमान तीन वर्षे नोकरी किंवा २ लाख रुपये भरपाई ही छापील नेमणूकपत्रातील अट वैध ठरली.

घरखरेदीत विषमता आकड्यांतच दिसते. गुरुग्राममधील एका गृहप्रकल्पाच्या करारात खरेदीदाराचा हप्ता चुकल्यास व्याज १८ टक्के होते. ताबा लांबला तर मात्र खरेदीदाराने सवलतीच्या मुदतीनंतर आणखी १२ महिने थांबायचे, मग करार रद्द करायचा, परताव्यासाठी विकसकाला ९० दिवस द्यायचे आणि तेही उलटल्यावर ९ टक्के व्याज मागायचे. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा करार एकतर्फी ठरवून त्याला अनुचित व्यापारी प्रथा म्हटले. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार (रेरा) आता दोन्ही बाजूंना व्याजाचा दर एकच असतो. महाराष्ट्राच्या नियमांत तो स्टेट बँकेच्या कमाल ‘एमसीएलआर’पेक्षा (निधीच्या खर्चावर आधारलेला कर्जाचा मूळ दर) २ टक्के अधिक आहे. विक्रीचा लेखी करार नोंदवल्याशिवाय विकसकाला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. राज्याच्या नियमांसोबत आदर्श करारही आहे, आणि त्यात केलेला बदल विकसकाने वेगळा दाखवायचा असतो. खरेदीदाराने आधी वाचावी ती बदलांची ही यादी.

लॉकरचा करार : नियामकाने नमुन्यात हात घातला की काय होते आणि कोठे अडते, याचे हे उत्तम उदाहरण. आपला संबंध केवळ घरमालक-भाडेकरूचा आहे, आत काय आहे हे आपल्याला ठाऊक नाही, म्हणून जबाबदारीही नाही, अशी बँकांच्या कागदांची जुनी भूमिका होती. १९ फेब्रुवारी २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती अमान्य केली आणि रिझर्व्ह बँकेला सहा महिन्यांत नियम करण्यास सांगितले. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेले नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे नुकसान झाल्यास बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटींपर्यंत असते. भाडे २,००० रुपये असेल तर २ लाख. आजच्या सोन्याच्या भावात त्यात दोन बांगड्या जेमतेम बसतील. पूर किंवा भूकंप झाल्यास, बँकेचा निष्काळजीपणा नसेल तर, जबाबदारी नाही. नव्या लॉकरसाठी मागता येणारी मुदत ठेव तीन वर्षांचे भाडे आणि लॉकर फोडण्याचा खर्च एवढ्यापुरतीच. त्याहून मोठी ठेव किंवा विमापत्र गळ्यात मारणे नियमात बसत नाही. जुन्या ग्राहकांचे करार १ जानेवारी २०२३ पर्यंत नव्याने व्हायचे होते. तोवर मोठ्या संख्येने ग्राहक राहूनच गेले आणि बँकांच्या संघटनेने केलेला नमुना करारही सुधारावा लागेल असे रिझर्व्ह बँकेला आढळले. मुदत वर्षअखेरपर्यंत वाढली. नियम ग्राहकासाठी झाला, तरी नमुना लिहिणारा हात बँकांचाच होता.

वाद : छापील कराराच्या बाजूने सांगितले जाते की लाखो ग्राहकांशी वेगवेगळी बोलणी करणे अशक्य आहे आणि त्याचा खर्च शेवटी किमतीत येईल, शिवाय थोडे चोखंदळ ग्राहक अटी वाचतात आणि त्यांना टिकवण्यासाठी कंपनी सर्वांनाच बऱ्या अटी देते. पहिला मुद्दा निर्विवाद आहे. दुसरा मात्र तपासणीत टिकलेला नाही. संगणकीय आज्ञावली विकत घेणाऱ्यांच्या एका अमेरिकी पाहणीत (२०१४) दर हजारी एक-दोन जणांनीच परवान्याचा मजकूर उघडला. विरुद्ध बाजूची मांडणी फ्रीड्रिख केसलर या जर्मन-अमेरिकी विधिज्ञाने १९४३ मध्ये केली. करारस्वातंत्र्याच्या नावाखाली बलाढ्य उद्योग स्वतःपुरते कायदे करतात आणि त्यातून नवी सरंजामशाही उभी राहू शकते, असे त्याचे म्हणणे. भारतातील निकाल पाहता केसलरचे निदान अधिक पटते; अटी बाजारातील स्पर्धेने सुधारल्या असे फारसे दिसत नाही, त्या न्यायालयाने किंवा नियामकाने सुधारायला लावल्या. डिजिटल सेवांत हेच पुढे चालू आहे. ई-वाणिज्य नियमांनी (२०२०) आधीच खूण केलेल्या संमतीच्या चौकटींना मनाई केली, तर १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांच्या तपशीलपत्रात नसलेले शुल्क ऋणकोच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. ते तपशीलपत्र ऋणकोला समजेल अशा भाषेत द्यायचे असते; मराठीतून मागण्यास संकोच करू नये.

दाद : २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने (जुलै २०२० पासून लागू) ‘अन्याय्य करार’ ही संकल्पना प्रथमच व्याख्येत आणली. अवाजवी अनामत, नुकसानाशी न जुळणारा दंड, योग्य शुल्क देऊनही मुदतपूर्व कर्जफेड नाकारणे, कारणाविना एकतर्फी समाप्ती, संमतीविना ग्राहकाला जाचक ठरेल असे कराराचे हस्तांतर आणि ग्राहकाला तोट्यात टाकणारी कोणतीही अवाजवी अट असे त्याचे सहा प्रकार आहेत. नोकरीचे करार या व्याख्येबाहेर राहतात, कारण कर्मचारी हा ग्राहक नव्हे. बिलावर काहीही छापलेले असले तरी ग्राहक स्वतःच्या निवासाच्या वा कामाच्या ठिकाणी तक्रार करू शकतो. लवादाच्या अटीमुळे ग्राहक आयोगाचा मार्ग बंद होत नाही, हेही २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पक्के झाले. तक्रारीची मुदत दोन वर्षांची. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही.

प्रकरणे बहुधा तीन ठिकाणी फसतात. सही केलेल्या कराराची प्रत घेतलेली नसते. ती सहीच्याच दिवशी, सर्व परिशिष्टांसह मागावी. कोऱ्या जागा सोडून सही केलेली असते. तेथे आडवी रेघ मारून सही करावी. तिसरे, विम्याचा कमी रकमेचा धनादेश घेताना ‘पूर्ण व अंतिम समाधान’ अशा पावतीवर सही होते. दडपण किंवा फसवणूक दाखवता आली तर ही पावती दाव्याच्या आड येत नाही, असे १९९९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांगतो. पण दडपणाचा पुरावा म्हणून लगोलग पाठवलेले निषेधाचे पत्र किंवा ई-मेल हाती असावे लागते. सहा महिन्यांनी उमटलेल्या नाराजीला आयोग फारसे वजन देत नाहीत.

कायद्यातील मोठी उणीव अधिकारक्षेत्राची आहे. करारातील अट अन्याय्य म्हणून रद्दबातल ठरवण्याचा अधिकार राज्य आयोगाला (१० कोटी रुपयांपर्यंत) आणि त्यावर राष्ट्रीय आयोगाला आहे. जिल्हा आयोगाला तो दिलेला नाही. महाराष्ट्रात राज्य आयोग मुंबईत असून नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे खंडपीठे आहेत. म्हणून सिंधुदुर्गातल्या दोन-तीन हजार रुपयांच्या दंडाच्या अटीवर वकील जिल्हा आयोगात ‘सेवेतील त्रुटी’ किंवा ‘अनुचित व्यापारी प्रथा’ अशीच तक्रार मांडतात. त्या तक्रारदाराला पैसे परत मिळतात. अट मात्र पुढच्या ग्राहकाच्या कागदावर तशीच छापली जाते.