मृत्युपत्राला हरकत आणि प्रोबेट: बेळगाव भागात काम कुठे अडतं

तहसीलदारांकडे वर्दीला, म्हणजे उताऱ्यावर नाव बदलण्याच्या अर्जाला, हरकत घेतली म्हणजे मृत्युपत्राला आव्हान दिलं असं होत नाही. त्याने उताऱ्यावर नाव चढायचं तेवढं अडतं. मृत्युपत्र खरं की खोटं, हे दिवाणी न्यायालयच ठरवतं. तरी माणसं कचेरीत हेलपाटे घालत राहतात आणि खिडकीवरचं कुणी त्यांना एवढं एक वाक्य सांगत नाही.

आपल्या भागात हिंदूंच्या मृत्युपत्राला प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचं न्यायालयाचं प्रमाणपत्र, सक्तीचं नाही. वाद दिसत असेल तर मात्र घ्यावं. अर्ज जिल्हा न्यायाधीशांकडे. मृत्युपत्रात एक्झिक्युटर (मृत्युपत्राप्रमाणे अंमल करणारा माणूस) नेमला असेल तर प्रोबेट त्यालाच मिळतं. नेमला नसेल तर ज्याच्या नावे मालमत्ता लिहिली आहे त्याने मृत्युपत्र जोडून प्रशासनपत्र (मालमत्तेचा कारभार बघण्याचा न्यायालयाचा अधिकार) मागायचं. मुदत ३ वर्षांची. ती नेमकी कुठून मोजायची यावर वकील वाद घालतील, तुम्ही मृत्यूच्या तारखेपासूनच धरा. मूळ मृत्युपत्र, मृत्यू दाखला, वारसांची नावं-पत्ते आणि किमतीसह मालमत्तेची यादी लागते.

मृत्युपत्र मराठीत असेल तर न्यायालयाच्या भाषेतलं भाषांतर जोडावं लागतं. न्यायालयाचा मराठी अनुवादक असेल तर त्याच्याकडूनच. नसेल तर दोन्ही भाषा जाणणारा कुणीही करू शकतो. पण 'मूळ भाषा आणि लिपी मला पूर्ण समजते, हे भाषांतर खरं आणि अचूक आहे' असं त्याने स्वतः लिहून द्यायचं असतं. हे लिहून घ्यायचं राहून जातं. मृत्युपत्र मोडीत असेल तर मोडी वाचणारा माणूस आधी शोधा.

साक्षीदार मात्र सगळ्यात महत्त्वाचा. रजिस्टर झालंय म्हणजे पक्कं, हा समज चुकीचा. दोनपैकी निदान एका साक्षीदाराला न्यायालयात येऊन सही कशी झाली ते सांगावं लागतं. दोघंही वारले असतील तर त्यांच्यापैकी एकाचं हस्ताक्षर आणि मृत्युपत्र करणाऱ्याची सही ओळखणारा माणूस उभा करा. साक्षीदार म्हातारे असतील तर अर्जाला उशीर करू नका.

आता हरकत घेणाऱ्यांसाठी. प्रोबेटचा अर्ज होणार असं कळलं की त्याच न्यायालयात कॅव्हेट, म्हणजे 'मला ऐकल्याशिवाय प्रोबेट देऊ नका' असा अर्ज, दाखल करा. मृत्युपत्र नसतं तर तुम्हाला वाटा मिळाला असता, हे दाखवावं लागतं. हरकत उभी राहिली की प्रकरण दाव्यासारखं चालतं.

मृत्युपत्र कन्नडमध्ये टाइप केलेलं आणि करणाऱ्याला फक्त मराठी येत होतं, असं सीमाभागात होतं. तिथे शेवटचा परिच्छेद बघा: मजकूर वाचून, समजावून दिल्याचं लिहिलंय का, आणि कोणी समजावला? आयुष्यभर मराठीत सही करणाऱ्याचा इथे अंगठा असेल तर जुन्या खरेदीखतांच्या प्रमाणित नकला, बँकेतली नमुना सही आणि त्या दिवसांतले दवाखान्याचे कागद आत्ताच गोळा करा. अशी शंका दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर असते.

'जमीन वडिलोपार्जित आहे' हा मुद्दा प्रोबेटमध्ये चालत नाही. तिथे फक्त मृत्युपत्राचा खरेपणा तपासतात. एकत्र कुटुंबाच्या जमिनीत माणूस फक्त आपला हिस्सा लिहून देऊ शकतो. मुलींचा हिस्सा त्यात येत नाही. त्यासाठी वाटणीचा दावा वेगळा.

शेत चंदगड किंवा गडहिंग्लजला, म्हणजे हद्दीपलीकडे महाराष्ट्रात असेल तर जपून. बेळगावच्या जिल्हा न्यायाधीशांचं प्रोबेट कर्नाटक राज्यापुरतं. बाहेरची मालमत्ता १०,००० रुपयांपर्यंतची असेल तरच ते पलीकडे चालतं. अशा वेळी अर्ज उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाकडे करण्याबद्दल वकिलांना पहिल्याच दिवशी विचारा.