कोतवाल बुकातलं महायुद्ध

जात पडताळणीचं काम निघालं की आपल्याकडे कोतवाल बुकाच्या, म्हणजे गावातल्या जन्ममृत्यूंच्या जुन्या नोंदवहीच्या, नकलेसाठी धावपळ सुरू होते. पणजोबाचं नाव सापडलं की बाकीच्या ओळी कुणी वाचत नाही. पहिलं महायुद्ध युरोपात झालं, आपल्या खेड्याला त्याची कसली झळ, असं शिकलेली माणसंही सहज म्हणतात. झळ त्याच ओळींत आहे.

जून १९१८ मध्ये सैनिकांच्या जहाजांमागोमाग मुंबईत इन्फ्लुएन्झा उतरला आणि रेल्वेनं देशभर गेला. दुसरी, जीवघेणी लाट मध्य प्रांत-वऱ्हाडात शिरली ती ऑक्टोबर-नोव्हेंबरात. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. मृत्यूचं कारण बहुतेक ठिकाणी नुसतं ‘ताप’. माणसातला हा विषाणू सापडला १९३३ मध्ये. दगावले ते मुख्यतः २० ते ४० वयाचे, म्हणजे ज्यांच्या घरी पाळणा हलायचा ते.

मला खरं वेड लावतात ते जन्माचे महिने. साथीच्या महिन्यातच जन्म घटले, तर गरोदर बाया दगावल्या किंवा गर्भ पडले असं समजावं. पण गर्भ राहिल्यापासून बाळंतपणापर्यंत साधारण ३८ आठवडे जातात. त्यामुळे १९१९ च्या जुलै-ऑगस्टात खड्डा दिसला, तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात गर्भच कमी राहिले होते. जोडीदार गेला, अंगात ताप, पोटात अन्न नाही. उपासमारीत मेंदूकडून बीजकोशाला जाणारे संप्रेरकांचे इशारे मंदावतात, पाळी थांबते. एका आजाराच्या दोन वेगळ्या खुणा, नऊ महिन्यांच्या अंतरावर!

साथ आली की मरीमायचा गाडा शिवेबाहेर नेण्याची रीत होती. श्वासातून पसरणाऱ्या रोगात अख्खा गाव एकत्र जमवणं म्हणजे रोगाला घरोघर पोचवणंच. कोरोनात थाळ्या वाजवत निघालेल्या मिरवणुकांनीही तेच केलं.

आता दराचं गणित. जन्मदर म्हणजे हजार लोकांमागे वर्षातले जन्म. समजा, हजार वस्तीच्या गावात १०० माणसं गेली आणि पुढल्या वर्षी ३० मुलं जन्मली. जुन्या जनगणनेच्या हजारानं भागलं तर दर ३०. जिवंत ९०० नं भागलं तर ३३ च्या वर. जनगणना झाली होती १९११ मध्ये, पुढची १९२१ मध्ये. म्हणून १९१९ चा छापील दर वाचताना तो कोणत्या लोकसंख्येनं भागलाय, हे आधी पाहावं. जन्माचा नुसता आकडा मात्र या गोंधळात सापडत नाही, आणि तो गावागावाच्या बुकात महिन्यावार मोजता येतो.