इंजिन धुताना पाणी आत शिरतं कसं?

पाऊस ओसरून दसरा जवळ आला की वॉशिंग सेंटरवर गाड्यांची रांग लागते. शेतरस्त्यांवर चार महिने फिरलेल्या जीपचं किंवा पिकअपचं बोनेट उघडलं, तर रेडिएटरची जाळी बुजलेली असते, बॅटरीखाली चिखलाचे थर असतात आणि वायरिंग मातीच्या रंगाचं झालेलं असतं. अशा वेळी एक सल्ला हमखास कानावर येतो, ‘गरम इंजिनावर पाणी मारू नका, ब्लॉक म्हणजे इंजिनाचा मुख्य ओतीव भाग तडकतो.’ सल्ला अगदी बरोबर आहे, पण त्याचं कारण चुकीचं आहे. चुकीच्या कारणाने नुकसान होतं ते असं, की ब्लॉक तडकला नाही हे एकदा पाहिलं की माणूस पुढच्या वेळी निर्धास्तपणे तापलेल्या इंजिनावर जोराच्या धारेची गन धरतो.

ब्लॉक सहसा तडकत नाही, कारण तो जड असतो आणि त्याच्या आतून 90 अंशांच्या आसपासचं कूलंट फिरत असतं. वरून पडलेल्या पाण्याने एवढा धातू पटकन थंड होत नाही. शेकडो अंश तापलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (धूर बाहेर नेणारा नळांचा भाग) आणि त्या धुराच्या जोरावर फिरणारा टर्बो यांना मात्र गार पाण्याचा धोका खरोखर असतो. पण गाडी रस्त्यात बंद पाडणारं खरं नुकसान याहून कितीतरी लहान जागी होतं. मेकॅनिक ज्याला कपलर म्हणतात, त्या वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या खटक्यात.

एखादा कपलर हातात घेऊन नीट पाहा. प्रत्येक वायर आत जाते तिथे सिलिकॉन रबराचं छोटं बूच असतं आणि त्यावर दोन-तीन बारीक कडा असतात. दोन्ही भाग एकमेकांत बसतात तिथे आणखी एक रबरी कडं असतं. या सगळ्यांच्या मध्ये, पिनांभोवती, थोडीशी हवा कोंडलेली असते. माझ्या मते सगळी गोष्ट या चिमूटभर हवेची आहे.

बंदिस्त हवेचा दाब तिच्या केल्विनमधल्या तापमानाच्या प्रमाणात बदलतो, हे आपण शाळेत शिकलो. इंजिन तापलं की कपलरमधली हवाही तापते, तिचा दाब वाढतो आणि थोडी हवा रबराच्या कडेने, वायरीच्या तारांमधल्या फटींतून हळूहळू बाहेर पडते. काही वेळाने आतला आणि बाहेरचा दाब सारखा होतो. आता 90 अंशांच्या, म्हणजे 363 केल्विनच्या या कपलरवर 30 अंशांचं पाणी पडलं. आतली हवा 303 केल्विनपर्यंत उतरली, तर दाब 303 भागिले 363, म्हणजे मूळच्या साधारण 83 टक्के उरतो. एक वातावरण दाब म्हणजे सुमारे 10.3 मीटर पाण्याचा स्तंभ, त्यामुळे ही 17 टक्क्यांची तूट पावणेदोन मीटर पाण्याएवढी भरते. गरम भाजी भरून घट्ट लावलेलं डब्याचं झाकण थंड झाल्यावर निघता निघत नाही, ते याच तुटीमुळे. फरक एवढाच, की कपलरच्या बाहेर त्या क्षणी हवा नसते, पाणी असतं. तेच आत ओढलं जातं.

‘पण कपलर तर वॉटरप्रूफ असतात!’ असतात, एका अटीवर. धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाचा आयपी67 हा दर्जा असतो, त्यातला 7 हा आकडा सांगतो की वस्तू एक मीटर पाण्यात अर्धा तास ठेवली तरी घातक प्रमाणात पाणी आत जात नाही. मात्र या चाचणीत पाणी आणि वस्तू यांच्या तापमानात 5 अंशांपेक्षा जास्त फरक ठेवत नाहीत. आपण 60 अंशांचा फरक देतो आणि वर पावणेदोन मीटरची ओढ लावतो. चाचणीत पास झालेला कपलर इथे नापास झाला तर दोष त्याचा नाही.

याहून वाईट पुढे आहे. समजा पहिल्या धुण्यात एक थेंब आत राहिला. गाडी चालली, कपलर पुन्हा 90 अंशांवर गेला. या तापमानाला पाण्याच्या वाफेचा दाब सुमारे 70 किलोपास्कल असतो, तर वातावरणाचा 101. वाफ जागा घेते आणि हवेला बाहेर ढकलते, आत हवेचा वाटा उरतो जेमतेम 31. आता गार पाणी मारलं की हवा आकसते आणि वाफेचं पुन्हा पाणी होतं. हवेचे 26 आणि वाफेचे 4 मिळून आतला दाब 30 किलोपास्कलपर्यंत खाली येऊ शकतो. ही तूट सात मीटर पाण्याएवढी आहे. एकदा ओला झालेला कपलर दुसऱ्या वेळी जास्त जोराने पाणी ओढतो, ते यामुळे.

आत गेलेल्या पाण्यात माती आणि शाम्पूचे क्षार असतात, म्हणून त्यातून वीज वाहते. चावी बंद असली तरी काही पिनांवर बॅटरीचे 12 व्होल्ट असतातच. धन पिनेचं तांबं हळूहळू विरघळतं आणि हिरवट पूड जमते. सेन्सरची पाच व्होल्टची नाजूक भाषा बिघडते आणि पंधरा दिवसांनी चेक इंजिनचा दिवा लागतो. तोवर धुतल्याचं कुणाच्या लक्षातही नसतं, मग नजर लागल्याचं निदान होतं आणि बंपरला लिंबू-मिरची बांधली जाते. त्या माळेचा पिनेवरच्या गंजाशी काहीही संबंध नाही. तो कपलर उघडून साफ केला तरच गाडी सुधारते.

कंपन्यांना ही ओढ चांगली माहीत आहे, म्हणून ईसीयू म्हणजे इंजिनाचा संगणक, त्याच्यासारख्या अनेक डब्यांना श्वास घ्यायला मुद्दाम एक पडदा ठेवलेला असतो. तो बहुधा ताणलेल्या पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनचा असतो. हे ताणण्याचं तंत्र अमेरिकेत रॉबर्ट गोर यांना 1969 मध्ये सापडलं. पडद्याची छिद्रं पाण्याच्या रेणूपेक्षा कितीतरी मोठी असतात, तरी थेंब आत जात नाही, कारण पीटीएफई पाण्याने भिजत नाही आणि पाण्याचा पृष्ठताण त्याला छिद्रात शिरू देत नाही. शुद्ध पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे 72 मिलिन्यूटन असतो. साबण घातला की तो 30 च्या आसपास येतो आणि छिद्रांचा पहारा ढिला पडतो. म्हणून साबणाचा फेस ईसीयूवर तसाच मुरत ठेवणं, किंवा 100 बारची गन जवळून त्याच्यावर रोखणं, दोन्ही घातक.

डिझेल मारून इंजिन चमकवायची पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी आहे. ती बंदच व्हायला हवी. कूलंटचे पाइप बहुधा ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचे असतात आणि ते रबर डिझेलने फुगून मऊ पडतं. आगीचा धोका आहेच. कॉस्टिकयुक्त क्लीनर ॲल्युमिनियमवरचा काही नॅनोमीटरचा ऑक्साइडचा थर खातात आणि धातू काळवंडतो. इंजिन चकाचक झालं की ॲव्हरेज वाढतं, हा दावाही खरा नाही. रेडिएटरची जाळी मोकळी झाली तर इंजिन प्रमाणाबाहेर तापायचं थांबतं, तो फायदा खरा आहे.

मग धुवायचं कसं? इंजिनावर हात टेकवता येईल इतकं निवू द्या. मराठवाड्या-विदर्भातली काळी माती असेल तर ती आधी कोरडीच मऊ ब्रशने झाडा. त्या मातीतल्या मॉन्टमोरिलोनाइट खनिजाच्या एका ग्रॅमचं पृष्ठफळ 700 चौरस मीटरच्याही पुढे जाऊ शकतं. थोडं पाणी मिळालं की ती फुगते आणि चिकटते, वाळली की आकसून तिला भेगा पडतात आणि पापुद्रे सुटतात. कोकणातला तांबडा चिखल एवढा हट्टी नसतो, तो नुसत्या पाण्यानेही बराच उतरतो. बॅटरीची ऋण केबल काढा, एअर फिल्टरचं तोंड, अल्टरनेटर आणि उघडे दिसणारे कपलर प्लास्टिकने झाका. सौम्य शाम्पूचं पाणी ब्रशने लावा, ते वाळायच्या आत बागेच्या नळीच्या साध्या धारेने धुऊन टाका. रेडिएटरवर गन धरली तर पातळ पत्र्या वाकतात आणि जाळी पुन्हा बुजते. तिथे शक्य असेल तर इंजिनाच्या बाजूनेच हलकी धार मारा, म्हणजे माती आली त्या वाटेने परत जाते.

धुऊन झाल्यावर झाकलेलं प्लास्टिक काढा. पेट्रोल गाडी असेल तर स्पार्क प्लगच्या खाचांत साचलेलं पाणी हवेने उडवा, मगच बॅटरी जोडा आणि बोनेट उघडं ठेवून इंजिन फॅन लागेपर्यंत चालू ठेवा. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी केबल दिसल्या, तर त्यांना आणि त्यांच्या कपलरना हात न लावता हे काम कंपनीच्या माणसाकडे द्या. तिथे शेकडो व्होल्ट असतात.