डीआरडीओत जेआरएफ व्हायचंय? मुलाखतीआधीच्या टेबलावर काय अडतं ते आधी वाचा

संरक्षण क्षेत्रात संशोधन करायचं तर डीआरडीओ, म्हणजे केंद्र सरकारच्या संरक्षण संशोधन आणि विकास संस्थेच्या प्रयोगशाळेतली ज्युनिअर रिसर्च फेलोशिप, म्हणजे जेआरएफ, हा इंजिनिअरिंग आणि एम.एस्सी.च्या मुलांसाठी सगळ्यात जवळचा रस्ता आहे. महाराष्ट्रातल्या मुलांना तर तो घराजवळचाही आहे. पाषाणला तोफा, दारूगोळा आणि पिनाका रॉकेट यंत्रणेवर काम करणारी एआरडीई, सुतारवाडीला स्फोटकं आणि प्रणोदकांची, म्हणजे रॉकेटच्या इंधनाची, एचईएमआरएल, दिघीला लष्करी पूल आणि लाँचर बनवणारी आर अँड डीई, अहिल्यानगरला वाहनांची व्हीआरडीई, नाशिकला याच प्रकारच्या ऊर्जा-पदार्थांची एसीईएम, अंबरनाथला नौदलासाठी लागणाऱ्या पदार्थांवर संशोधन करणारी एनएमआरएल. या प्रयोगशाळा वेळोवेळी आपापल्या जाहिराती काढतात. कुणी आधी अर्ज मागवून यादी लावतं, कुणी थेट वॉक-इन मुलाखत ठेवतं.

वॉक-इनला आलेली कितीतरी मुलं मुलाखतीच्या खोलीपर्यंत पोचतच नाहीत. त्याआधी कागदपत्र तपासणीचं टेबल असतं, आणि तिथेच त्यांना परत पाठवलं जातं. त्यात चांगले गुण मिळवलेली, विषयाची उत्तम तयारी केलेली मुलं असतात. अडतं ते बहुधा एखाद्या कागदावर, आणि तो कागद त्या दिवशी कुठूनही आणता येत नाही. म्हणून नेहमीच्या गोष्टी इथे थोडक्यात उरकल्या आहेत आणि जिथे गाडी अडते तिथे जास्त वेळ दिला आहे.

आधी एक गोंधळ मिटवू. जेआरएफ ही नोकरी नाही. सायंटिस्ट ‘बी’ या शास्त्रज्ञपदाची भरती डीआरडीओचं आरएसी हे भरती केंद्र करतं, तंत्रज्ञ आणि तांत्रिक साहाय्यकांची सेप्टाम हे दुसरं केंद्र करतं, अप्रेंटिस वेगळे. या सगळ्या जाहिराती ‘डीआरडीओ भरती’ या एकाच नावाने व्हॉट्सअॅपवर फिरतात, आणि मुलं एकीची पात्रता वाचून दुसरीला अर्ज करतात. जेआरएफ साधारणपणे दोन वर्षांसाठी मिळते. काम समाधानकारक असेल तर पुढे एसआरएफ, म्हणजे सीनिअर रिसर्च फेलो, होता येतं आणि एकूण मुदत जास्तीत जास्त पाच वर्षांपर्यंत जाते. त्यानंतर कायम करून घेण्याचा कुठलाही हक्क नसतो, आणि हे जाहिरातीत स्पष्ट लिहिलेलं असतं. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफला दरमहा ३७,००० रुपये आणि एसआरएफला ४२,००० रुपये मिळतात. त्यावर नियमाप्रमाणे घरभाडं, पण वसतिगृहात खोली मिळाली तर ते मिळत नाही. जुन्या जाहिरातीतला ३१,००० चा आकडा अजून फिरतो आहे, तो सोडून द्या.

पात्रता एका वाक्यात सांगायची तर अशी: बी.ई. किंवा बी.टेक. प्रथम श्रेणीत आणि सोबत नेट किंवा गेट यांपैकी एक राष्ट्रीय पात्रता परीक्षा, नाहीतर एम.ई. किंवा एम.टेक., पण पदवी आणि पदव्युत्तर दोन्ही प्रथम श्रेणीत. विज्ञान शाखेला एम.एस्सी. प्रथम श्रेणीत आणि सोबत नेट, काही जाहिरातींत गेटही चालतं. यातलं ‘दोन्ही’ फार जणांच्या नजरेतून सुटतं. एम.टेक.ला ८० टक्के असले आणि बी.ई.ला द्वितीय श्रेणी असली, तर गेटशिवायच्या या मार्गाने तुम्ही बसत नाही. गेट असूनही पदवीला प्रथम श्रेणी नसेल तर पहिल्या मार्गानेही नाही. हे नियमातच आहे. टेबलावरच्या माणसाशी हुज्जत घालून ते बदलत नाही.

आता गेटचं कार्ड. त्याची वैधता निकालाच्या तारखेपासून तीन वर्षं असते. कॅलेंडरची तीन वर्षं मोजू नका. मार्च २०२३ मध्ये लागलेल्या निकालाचं कार्ड २०२६च्या डिसेंबरपर्यंत चालत नाही, मार्चमध्येच संपतं. त्याहून वाईट अडचण अशी की पुष्कळ मुलं निकालाचा स्क्रीनशॉट ठेवतात आणि स्कोअरकार्ड उतरवूनच घेत नाहीत. ते ३१ मेपर्यंत फुकट मिळतं, त्यानंतर ३१ डिसेंबरपर्यंत ५०० रुपये भरून मिळतं, आणि पुढच्या वर्षी मिळतच नाही. दोन वर्षांनी जेआरएफची जाहिरात येते, गुण आहेत, वैधता आहे, कार्ड मात्र नाही. ज्यांचा निकाल नुकताच लागलाय त्यांनी हे वाचणं थांबवून आधी कार्ड उतरवावं, दोन प्रती छापाव्यात आणि एक ईमेलवर ठेवावी. आणखी एक. गेटचा पेपर जाहिरातीतल्या विषयाशी जुळायला हवा. मेकॅनिकलच्या जागेला मेकॅनिकलच्या पदवीसोबत दुसऱ्याच विषयाचं गेट कार्ड लावलं तर ते धरलं जाईलच असं समजू नका. जाहिरातीखालच्या ईमेलवर आधी लिहून विचारा आणि आलेलं उत्तर छापून सोबत न्या.

नेटचंही असंच. जून २०२४ पासून यूजीसी नेटचा निकाल तीन गटांत लागतो: जेआरएफ आणि सहायक प्राध्यापक, सहायक प्राध्यापक आणि पीएच.डी. प्रवेश, आणि फक्त पीएच.डी. प्रवेश. तिसऱ्या गटातला निकाल हातात घेऊन ‘मी नेट पास आहे’ म्हणत येणाऱ्यांची निराशा होते, कारण तो फक्त पीएच.डी. प्रवेशापुरता आहे. जाहिरातीत नेट कोणत्या शब्दांत मागितलंय ते नीट वाचा.

सीजीपीएची टक्केवारी हा स्वतंत्र डोकेदुखीचा विषय. फॉर्ममध्ये टक्के विचारतात, मुलं सीजीपीएला दहाने गुणून मोकळी होतात. प्रत्येक विद्यापीठाचं सूत्र वेगळं आहे, कधी एकाच विद्यापीठात पॅटर्न बदलला की सूत्रही बदलतं. गुणपत्रिकेच्या मागे छापलेलं असेल तर त्या पानाचीही प्रत लावा. नसेल तर विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून रूपांतराचं पत्र घ्या. त्याला वेळ लागतो, म्हणून जाहिरात यायच्या आधीच घ्या. ५९.८ ला ६० लिहू नका. तपासताना ते पहिल्या मिनिटात दिसतं, आणि मग बाकीच्या खऱ्या कागदांकडेही संशयाने पाहिलं जातं.

शेवटच्या सेमिस्टरचा निकाल लागायचा असेल तर थांबा. ‘निकाल प्रलंबित’ चालत नाही. पदवी प्रमाणपत्र अजून आलं नसेल तर विद्यापीठाचं तात्पुरतं प्रमाणपत्र हवं. संकेतस्थळावरून छापलेल्या निकालावर अवलंबून राहू नका.

वयोमर्यादा २८ वर्षं. अनुसूचित जाती-जमातींना पाच आणि ओबीसींना तीन वर्षांची सवलत. वय कोणत्या तारखेला मोजायचं हे जाहिरातीत असतं, कधी अर्जाची शेवटची तारीख, कधी मुलाखतीचा दिवस. या दोन तारखांच्या मधे ज्यांचा वाढदिवस येतो त्यांनी ती ओळ दोनदा वाचावी. जन्मतारखेसाठी दहावीच्या बोर्डाचं प्रमाणपत्र न्या. गुणपत्रिका पुरेल असं गृहीत धरू नका, तिच्यावर जन्मतारीख आहे का ते आधी बघा.

आणि आता सगळ्यात मोठा अडथळा, ओबीसीचा दाखला. केंद्र सरकारच्या कामाला केंद्राच्या नमुन्यातलाच दाखला लागतो. राज्याच्या नमुन्यातलं नॉन-क्रीमी लेअर, त्यावर प्रांताची सही आणि शिक्का असला तरीही, इथे चालत नाही. केंद्राच्या दाखल्यावर जात केंद्रीय यादीत कोणत्या ठरावाने आहे ते लिहिलेलं असतं आणि क्रीमी लेअरच्या संदर्भात ८ सप्टेंबर १९९३ च्या कार्यालयीन आदेशाचा उल्लेख असतो. तो उल्लेख तुमच्या कागदावर आहे का ते आजच बघा. भटक्या-विमुक्तांच्या राज्य दाखल्यावर व्हीजे किंवा एनटी असं लिहिलेलं असतं, आणि केंद्रात असा गटच नाही. धनगर समाज राज्यात एनटी-क आहे, केंद्रीय यादीत ओबीसी. म्हणून त्यांनाही केंद्रीय नमुन्यातला वेगळा दाखला काढावा लागतो. एसईबीसीचा, म्हणजे राज्याच्या सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्गाचा, दाखला फक्त राज्यापुरता आहे, केंद्रात त्याचा उपयोग नाही. ईडब्ल्यूएसला, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकाला, वयाची सवलत नाही.

सेतूत जाऊन नुसतं ‘नॉन-क्रीमी द्या’ म्हटलं तर राज्याचाच नमुना हातात पडतो. ‘केंद्र सरकारच्या नोकरीसाठीचा नमुना’ असं स्पष्ट सांगा, अर्ज भरणाऱ्याच्या स्क्रीनवर तो निवडलेला स्वतः पाहा, आणि दाखला हातात आला की तिथेच उभं राहून वाचा. विवाहित मुलींना वारंवार नवऱ्याचं उत्पन्न मागितलं जातं. ते चुकीचं आहे. क्रीमी लेअर आईवडिलांच्या स्थितीवरून ठरतं, हे शांतपणे आणि ठामपणे सांगा. हे सगळं करायला आठवडे जातात, आणि वॉक-इनची जाहिरात आल्यावर हातात तेवढे दिवस नसतात. एक दिलासा आहे. बहुतेक जाहिरातींत या दाखल्याचा मुख्य उपयोग वयाच्या सवलतीपुरता असतो. तुम्ही २८ च्या आत असाल आणि केंद्रीय दाखला नसेल, तर चुकीचा दाखला जोडून अर्जच बाद होण्याची जोखीम घेऊ नका. खुल्या गटातून जा.

नावाचा प्रश्न महाराष्ट्रात जवळजवळ प्रत्येकाला येतो. दहावीच्या कागदावर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, पॅनवर वडिलांचं नाव गायब, पदवीवर आईचंही नाव. नुसता क्रम वेगळा असेल तर एरवी चालून जातं. स्पेलिंगच वेगळं असेल, किंवा लग्नानंतर आडनाव बदललं असेल, तर राजपत्राची प्रत किंवा विवाह नोंदणी प्रमाणपत्र सोबत हवं. नोटरीच्या शपथपत्रावर फार विसंबू नका.

आधीच कुठल्या सरकारी, निमसरकारी किंवा सार्वजनिक उपक्रमात काम करत असाल तर ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. दुसऱ्या प्रकल्पावर जेआरएफ असणारी मुलं हे विसरतात, कारण ते स्वतःला नोकरदार मानत नाहीत. मार्गदर्शकाची सही पुरेशी नसते, संस्थेच्या आस्थापना विभागाचं पत्र घ्या. आधी घेतलेली फेलोशिपची वर्षं लपवू नका, ती एकूण मुदतीत धरली जातात.

मुलाखतीच्या दिवशी मोबाइल, स्मार्टवॉच, पेनड्राइव्ह फाटकावर जमा करावे लागतात. याचा अर्थ फोनमधलं डिजिलॉकर, ईमेलमधलं बोलावणं, गॅलरीतले फोटो यातलं काहीही टेबलावर उघडता येणार नाही. सगळं कागदावर हवं: मूळ प्रती, स्वतः साक्षांकित केलेल्या छायाप्रतींचा संच, जाहिरातीची छापील प्रत, जाहिरातीसोबतच्याच नमुन्यात भरलेला अर्ज, पासपोर्ट आकाराचे फोटो, फोटो असलेलं ओळखपत्र. प्रवासखर्च मिळत नाही. नोंदणीची वेळ संपली की फाटक उघडत नाही, मग गाडी उशिरा आली असो की रस्ता चुकला असो. बाहेरगावच्यांनी आदल्या रात्री पोचावं, आणि पत्ता आधी नकाशावर बघावा: पाषाण आणि दिघी शहराच्या दोन टोकांना आहेत.

कला शाखेच्या मुलांसाठी इतकंच: जेआरएफच्या या जागा तुमच्यासाठी नसतात. सामरिक विषयांवर विश्लेषक म्हणून काम करायचं असेल तर दिल्लीतली, १९६५ साली सुरू झालेली आणि २०२० पासून मनोहर पर्रीकरांचं नाव लावणारी आयडीएसए ही संरक्षण अभ्यास संस्था बघा. तिथली पदं, पात्रता आणि जाहिराती पूर्णपणे वेगळ्या आहेत. पुण्याच्या विद्यापीठात संरक्षण आणि सामरिकशास्त्राचा विभाग आहे, तिथल्या मुलांनी तर ती जाहिरात नियमित पाहावी.

निवड झाल्यावरही एक टप्पा उरतो, आणि तिथे घाई केली तर मिळालेली जागा जाते. चारित्र्य आणि पूर्वेतिहास पडताळणीच्या फॉर्ममध्ये गेल्या पाच वर्षांत जिथे जिथे वर्षभराहून जास्त राहिलात ते प्रत्येक ठिकाण लिहायचं असतं. वसतिगृह, भाड्याची खोली, मामाचं घर, सगळं. मुलं कायमचा पत्ता लिहून थांबतात, मग पोलिसांकडून ‘या पत्त्यावर राहत नाही’ असा शेरा येतो आणि फाइल अडकते. प्रत्येक पत्त्याचं पोलीस ठाणं आणि पिनकोड आधीच शोधून ठेवा, खोलीमालकाला कल्पना देऊन ठेवा. आंदोलनात किंवा भांडणात गुन्हा नोंदवला गेला असेल, खटला चालू असेल, तर तो लिहा. गुन्हा असल्यानेच निवड रद्द होते असं नाही, पण तो लपवल्याचं उघड झालं तर होते, आणि तसा इशारा फॉर्मच्या सुरुवातीलाच छापलेला असतो. भरलेल्या फॉर्मची छायाप्रत स्वतःकडे ठेवा. पडताळणीला आलेला हवालदार तेच प्रश्न पुन्हा विचारतो आणि उत्तरं जुळावी लागतात.