थेट रोख साहाय्य

थेट रोख साहाय्य : धान्य, बियाणे, जनावर किंवा सवलतीतील वस्तू यांऐवजी परतफेड नसलेली रोख रक्कम गरीब कुटुंबाच्या हाती देण्याची पद्धत. रक्कम दरमहा, हप्त्याहप्त्याने किंवा एकरकमी मिळते. ती हाती, बँक खात्यात वा मोबाइलवरील खात्यात पोचते. मुलांची शाळेतील हजेरी, लसीकरण यांसारख्या अटी घातल्या की साहाय्य ‘सशर्त’, एरवी ‘बिनशर्त’ म्हणवते. भारतात १ जानेवारी २०१३ पासून सरकारी व्यवहारात रुळलेली ‘थेट लाभ हस्तांतरण’ ही संज्ञा याहून व्यापक आहे. शिष्यवृत्ती, गॅसचे अनुदान, इतकेच काय रोजगार हमीची मजुरीही तीत मोडते. मजुरीला साहाय्य म्हणणे कोणालाही अवघड जाईल. प्रस्तुत नोंदीत ग्रामीण कुटुंबावर होणाऱ्या परिणामांचा विचार मुख्यतः केला आहे.

उगम : या पद्धतीचा आरंभ कोठे झाला याबाबत एकवाक्यता नाही. बालक, वृद्ध, संकटग्रस्त व अनाथ यांचे भरणपोषण राजाने करावे, असे कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात सांगितले आहे. त्यावरून काही लेखक उगमाचा धागा तिथवर नेतात. मात्र हे पोषण नाण्यांत करायचे की धान्यात, हे सूत्रात सांगितलेले नाही. शिवाय ग्रंथाचा काळही इ. स. पू. चौथ्या शतकापासून इ. स. तिसऱ्या शतकापर्यंत मागेपुढे सरकवला जातो. हा पुरावा ओढूनताणून आणलेला वाटतो. त्याहून भक्कम पूर्वज म्हणजे इंग्लंडमधील स्पीनहॅमलंड पद्धत. मे १७९५ मध्ये बर्कशर परगण्यातील दंडाधिकाऱ्यांनी पावाचा भाव आणि घरातील खाणारी तोंडे यांच्या हिशेबाने शेतमजुरांच्या तुटपुंज्या मजुरीत गरिबांसाठीच्या स्थानिक करातून भर घालण्याचे ठरवले. या भरीमुळे मजूर आळशी झाले व मजुरीचे दर पडले, असा ठपका १८३४ च्या चौकशी अहवालाने ठेवला आणि तो शतकाहून अधिक काळ पाठ्यपुस्तकांतून वावरला. अर्थतज्ज्ञ मार्क ब्लॉग यांनी १९६३ मध्ये जुनी आकडेवारी तपासून कार्यकारणाचा क्रम उलटा लावला : मजुरी आधीच कमी होती, म्हणून भर घालावी लागली. पुढील संशोधकांचा कल बव्हंशी ब्लॉग यांच्याकडे आहे.

आधुनिक काळातील पहिलेपणाचा मान सर्रास मेक्सिकोच्या ‘प्रोग्रेसा’ योजनेला (१९९७) दिला जातो. वस्तुतः ब्राझीलमधील कांपीनास शहर आणि ब्राझीलिया राजधानी क्षेत्र यांनी १९९५ मध्येच, काही महिन्यांच्या अंतराने, मुलांच्या शाळेशी जोडलेले साहाय्य सुरू केले होते. कांपीनास थोडे आधीचे. तथापि ब्राझीलियाचे तत्कालीन राज्यपाल क्रिस्तोव्हांव बुआर्की ही कल्पना त्याआधीपासून मांडत होते. कल्पना ब्राझीलियाची व पहिले वाटप कांपीनासचे, अशी विभागणी सुरक्षित म्हणता येईल. दोन्ही प्रयोग शहरी होते. खेड्यातील कुटुंब डोळ्यांसमोर ठेवून योजना आखण्याचे आणि ५०६ गावांपैकी ३२० गावांना लाभ आधी व उरलेल्या १८६ गावांना नंतर देऊन परिणाम मोजण्याचे श्रेय अर्थतज्ज्ञ सांतियागो लेव्ही यांनी आखलेल्या प्रोग्रेसाचेच. पैसे दर दोन महिन्यांनी आईच्या हाती दिले जात. माध्यमिक वर्गात मुलींची रक्कम मुलांपेक्षा जास्त होती. ही योजना पुढे ‘ओपोर्तुनिदादेस’ (२००२) व ‘प्रोस्पेरा’ (२०१४) या नावांनी चालली आणि २०१९ मध्ये बंद झाली.

घरातील बदल : खेड्यातील कुटुंबाच्या अडचणीत उत्पन्न कमी असण्याइतकाच ते वेळेवर नसण्याचा वाटा असतो. सुगीला भाव पडलेला असताना धान्य विकायचे, तेच पुढे चढ्या भावाने विकत घ्यायचे, आणि पेरणीच्या ऐन दिवसांत स्वतःचे शेत टाकून रोजच्या मजुरीसाठी दुसऱ्याच्या बांधावर जायचे, हे चक्र जगभर आढळते. हाती पैसा आला की पहिला फरक इथे पडतो. ‘सेवा’ या कष्टकरी स्त्रियांच्या संघटनेने युनिसेफच्या साहाय्याने मध्य प्रदेशातील आठ गावांत २०११–१२ च्या सुमारास प्रौढाला दरमहा २०० व मुलामागे १०० रुपये (पुढे ३०० व १५०) दिले. तेथे मजुरीकडून स्वतःच्या शेतीकडे वळण्याची आणि जनावरे घेण्याची प्रवृत्ती नोंदली गेली. मेक्सिकोत मिळालेल्या प्रत्येक पेसोतील सुमारे ७४ सेंटाव्हो (पेसोचा शंभरावा भाग) खर्चले गेले व उरलेले जनावरे, जमीन अशा उत्पादक गोष्टींत गुंतले, असा पॉल गर्टलर व सहकाऱ्यांचा अंदाज आहे (२०१२).

सर्वांत तपशीलवार मोजमाप पश्चिम केन्यातील रारिएडा भागात झाले. गरिबांना थेट रोख रक्कम देणाऱ्या ‘गिव्हडायरेक्टली’ संस्थेने तेथे गवती छपराची घरे निवडून पैसे मोबाइलवरील ‘एम-पेसा’ या खात्यात पाठवले. छप्पर ही गरिबीची खूण मानण्यामागे व्यवहार होता, कारण ते रस्त्यावरून दिसते व त्याला दाखला लागत नाही. गवत दर एक-दोन वर्षांनी नव्याने शाकारावे लागते. त्यासाठी गवत विकत घ्या, माणूस लावा, आणि तरीही मोठ्या पावसात धान्याची पोती या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सरकवा. पत्रा चढला की शाकारणी सुटते, धान्य कोरडे राहते, पागोळ्यांचे पाणी पन्हळ लावून पिंपात धरता येते. वरवर पाहणाऱ्याला पत्रा ही हौस वाटते. हिशेबाने ती दरवर्षी परतावा देणारी गुंतवणूक आहे. योहान्स हाउसहोफर व जेरेमी शपिरो यांच्या २०१६ च्या शोधनिबंधानुसार लाभार्थी कुटुंबांचा मासिक उपभोग नऊ महिन्यांनी सुमारे १५८ वरून १९३ डॉलरवर (क्रयशक्ती-समतुल्य, म्हणजे स्थानिक भावांतील फरक जमेस धरून) गेला. दारू व तंबाखूवरचा खर्च वाढला नाही. डेव्हिड इव्हान्स व ॲना पोपोव्हा यांनी निरनिराळ्या देशांतील १९ अभ्यास एकत्र तपासून हाच निष्कर्ष काढला आहे.

हप्ता की एकरक्कम : रारिएडाच्या याच प्रयोगात काहींना रक्कम महिन्यामहिन्याने व काहींना एकदम दिली गेली, आणि कोणाला काय मिळेल हे सोडतीने ठरले. महिन्याचे पैसे ताटात गेले, उपासमार कमी झाली. एकरकमेतून पत्रे व टिकाऊ वस्तू आल्या. साहाय्याने कुटुंबाचे जीवन कसे बदलते, याचे उत्तर बरेचसे या तपशिलात दडलेले आहे; सशर्त-बिनशर्त वादात त्याकडे नको तितके दुर्लक्ष झाले. केन्यातीलच २९५ गावांच्या पुढील प्रयोगात (अभिजित बॅनर्जी, तवनीत सूरी व इतर) काही गावांना बारा वर्षे, काहींना दोन वर्षे दरमहा प्रौढामागे दिवसाला सुमारे ७५ सेंट या हिशेबाने पैसे ठरले, तर काहींना दोन वर्षांची रक्कम एकदम मिळाली. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत छोटे धंदे सुरू करण्याच्या बाबतीत एकरकमी व बारा वर्षांची गावे दोन वर्षांच्या हप्त्याच्या गावांपेक्षा सरस ठरली. बारा वर्षांची हमी असलेल्यांनी आपापसांत भिशी लावून हप्त्याची एकरक्कम करून घेतली होती. योजनेच्या आखणीत जे नव्हते ते लाभार्थ्यांनी स्वतः जुळवले, ही गोष्ट मुद्दाम नोंदवावी अशी आहे.

कोणाच्या हाती : पैसा बाईच्या हाती दिला की मुलांवर खर्च होतो, हा समज बऱ्याच योजनांचा पाया आहे. अर्थतज्ज्ञ एस्तेर द्यूफ्लो यांना दक्षिण आफ्रिकेतील वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात त्याला आधार सापडला : आजीला वेतन मिळणाऱ्या घरांतील नातींचे वजन उंचीच्या मानाने सुधारले, आजोबांच्या वेतनाने तसा परिणाम दिसला नाही (२००३). रारिएडात मात्र पैसे नवऱ्याला दिले की बायकोला, याने खर्चात फारसा फरक पडला नाही. दोहोंची सांगड अजून नीट लागलेली नाही.

बाळंतपणावरील परिणाम अलीकडे पुढे आला. पश्चिम केन्यातील सियाया परगण्यात सुमारे १,००० डॉलर मिळालेल्या कुटुंबांत अर्भकमृत्यू जवळजवळ निम्म्याने घटल्याचे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात म्हटले आहे. बायकांनी गरोदरपणाच्या अखेरच्या महिन्यांत व बाळंतपणानंतर अंगमेहनत कमी केली, आणि डॉक्टर असलेले रुग्णालय जवळ असेल तेथे परिणाम अधिक दिसला. पैशाने विसावा विकत मिळतो, दवाखाना नाही.

गावावरील परिणाम : बाहेरून पैसा आला की भाव भडकतील व शेजारी पोळतील, ही जुनी भीती आहे. सियायातील ६५३ गावांच्या अभ्यासात (२०२२) भाववाढ सरासरी ०.१ टक्क्याच्या आसपास निघाली. आलेल्या प्रत्येक डॉलरमागे स्थानिक अर्थव्यवस्थेत सुमारे अडीच डॉलरची भर पडली, कारण पैसा गावातल्या दुकानदार-गवंड्यांकडे फिरत राहिला. लाभ न मिळालेल्या घरांचा उपभोगही वाढला. रारिएडाच्या तीन वर्षांनंतरच्या पाहणीत मात्र वगळलेल्या शेजाऱ्यांची स्थिती काहीशी खालावल्याची चिन्हे होती. ती पाहणीच्या रचनेमुळे दिसली असे काहींचे मत आहे व ते ग्राह्य वाटते. छपरावरून घरे निवडण्याने उठणारा मत्सर वेगळा. पुढे गिव्हडायरेक्टलीने पुष्कळ ठिकाणी सबंध गावाला पैसे देण्याची रीत स्वीकारली.

अटी : मलावीतील झोंबा भागात सशर्त साहाय्याने मुलींची शाळागळती अधिक कमी झाली, पण बिनशर्त साहाय्याने अल्पवयीन विवाह व गरोदरपणे अधिक रोखली, कारण शाळा सोडलेल्या मुलींनाही पैसे मिळत राहिले (२०११). मोरोक्कोत ‘हे शिक्षणासाठी’ एवढे सांगून दिलेले बिनशर्त पैसे सशर्त पैशांइतकेच उपयोगी पडले. हजेरीच्या वह्या तपासण्याचा खर्च पाहता मोरोक्कोची रीत स्वस्त.

टिकाऊपणा : उत्तर युगांडात तरुणांच्या गटांना धंद्यासाठी माणशी सुमारे ४०० डॉलर दिल्यावर चार वर्षांनी त्यांची कमाई ३८ टक्के अधिक होती. नवव्या वर्षी अनुदान न मिळालेल्यांनी त्यांना कमाईत गाठले. अवजारे व घरातील मत्ता मात्र लाभार्थ्यांकडे जास्त राहिली.