क्रिप्टो वॉलेट अ‍ॅड्रेसची एएमएल (मनी लाँडरिंगविरोधी) आणि निर्बंध तपासणी: कोणी करायची, कशी करायची, कोणती कागदपत्रे जपायची

वॉलेट तपासून देतो असे सांगूनच लोकांची वॉलेट रिकामी केली जातात, म्हणून आधी एवढे वाचा. अ‍ॅड्रेसचा गुन्ह्यातल्या पैशाशी किंवा निर्बंधित व्यक्तीशी संबंध आहे का, हे पाहणाऱ्या तपासणीला दोनच गोष्टी लागतात: सार्वजनिक अ‍ॅड्रेस आणि तो कोणत्या नेटवर्कवरचा आहे ही माहिती. वॉलेट कनेक्ट करा, टोकन वापरायची परवानगी द्या, ‘पडताळणीसाठी’ थोडे कॉइन पाठवा, नंतर परत मिळतील, असे म्हणणारी वेबसाइट दिसली की ती बंद करायची. सीड फ्रेज आणि प्रायव्हेट की (वॉलेटचा ताबा देणारे गुप्त शब्द आणि गुप्त किल्ली) तर कोणालाच द्यायची नसते, तपासणी कितीही ‘अधिकृत’ म्हणवत असली तरी.

कोणाला बंधनकारक, कोणाला ऐच्छिक

मनी लाँडरिंगविरोधी आंतरराष्ट्रीय मानके ठरवणाऱ्या एफएटीएफने ऑक्टोबर 2018 मध्ये क्रिप्टो व्यवसाय आपल्या शिफारशींखाली आणले आणि जून 2019 मध्ये त्यांचा तपशील ठरवला. त्यानुसार एक्स्चेंज आणि ग्राहकांची क्रिप्टो सांभाळणाऱ्या कंपन्यांनी ग्राहकाची ओळख पटवायची, व्यवहारांवर लक्ष ठेवायचे, आणि 1,000 डॉलर किंवा 1,000 युरोंपेक्षा मोठ्या हस्तांतरणासोबत पाठवणाऱ्याची व घेणाऱ्याची माहिती पुढच्या कंपनीला द्यायची. या शेवटच्या अटीला ट्रॅव्हल रूल म्हणतात. युरोपीय संघात 30 डिसेंबर 2024 पासून तो कोणत्याही रकमेला लागू आहे. तिथे ग्राहकाने 1,000 युरोंपेक्षा जास्त रक्कम स्वतःच्या ताब्यातल्या वॉलेटमध्ये पाठवली किंवा तिथून आणली, तर ते वॉलेट त्याचेच असल्याची खात्री कंपनीला करून घ्यावी लागते.

अ‍ॅड्रेस तपासायला मात्र कसलीही पात्रता लागत नाही. ब्लॉकचेन, म्हणजे क्रिप्टो व्यवहारांची नोंदवही, सगळ्यांना खुली आहे, त्यामुळे कोणीही कोणताही अ‍ॅड्रेस तपासू शकतो. अनोळखी माणसाकडून थेट क्रिप्टो विकत घेणाऱ्याने किंवा क्रिप्टोत मोबदला घेणाऱ्याने पैसे स्वीकारण्याआधीच ती सवय लावून घ्यावी. व्यवहार एकदा झाला की मागे फिरवता येत नाही.

प्रत्यक्ष तपासणी

अ‍ॅड्रेस पूर्ण कॉपी करा आणि पूर्ण जुळवून पाहा. सुरुवातीची व शेवटची अक्षरे सारखी असलेले बनावट अ‍ॅड्रेस तयार करून, त्यांवरून किरकोळ व्यवहार पाठवून ते तुमच्या इतिहासात घुसवले जातात. इतिहासातून कॉपी करणारे त्यातच फसतात. नेटवर्कही नीट निवडा. 0x ने सुरू होणारा तोच अ‍ॅड्रेस इथेरियमवर चालतो आणि पॉलिगॉनवरही, पण दोन्हीकडचा व्यवहारांचा इतिहास वेगळा असतो.

पहिली पायरी निर्बंध यादीची. अमेरिकेच्या अर्थखात्यातील ओफॅक हे कार्यालय नोव्हेंबर 2018 पासून निर्बंधित व्यक्तींच्या नोंदीत क्रिप्टो अ‍ॅड्रेसही देते. त्यांच्या मोफत ऑनलाइन शोधात नावाऐवजी ओळख क्रमांकाच्या रकान्यात अ‍ॅड्रेस टाकायचा. अक्षरन् अक्षर जुळले तरच निकाल येतो. काहीच आले नाही म्हणजे धोका नाही, असे मात्र समजू नका. निर्बंधित व्यक्तीचे सगळे अ‍ॅड्रेस यादीत असतातच असे नाही, हे ओफॅकने स्वतःच सांगितले आहे.

म्हणून दुसरी पायरी विश्लेषण साधनांची. चेनॅलिसिस, इलिप्टिक, टीआरएम लॅब्स यांसारख्या कंपन्या एकाच मालकाचे वाटणारे अ‍ॅड्रेस एकत्र बांधतात आणि पैसा कुठून कुठे गेला ते दाखवतात. निकालातला धोक्याचा आकडा पाहून घाबरू नका, त्याखालचा तपशील वाचा. चोरीच्या अ‍ॅड्रेसवरून थेट आलेली रक्कम आणि अनेक हातांतून फिरून आलेला छोटा अंश यांत फार फरक आहे. शिवाय प्रत्येक साधनाचा हिशेब वेगळा, त्यामुळे एकच अ‍ॅड्रेस एकीकडे ‘मध्यम’ तर दुसरीकडे ‘कमी’ धोक्याचा दिसू शकतो.

न मागता आलेल्या पैशांचाही विचार करावा लागतो. टॉर्नेडो कॅश या मिक्सरवर (अनेकांची क्रिप्टो एकत्र मिसळून तिचा माग पुसणाऱ्या सेवेवर) ऑगस्ट 2022 मध्ये निर्बंध आल्यावर कोणीतरी अनेक प्रसिद्ध लोकांच्या अ‍ॅड्रेसवर त्यातून थोडे थोडे इथर (इथेरियमचे चलन) पाठवून दिले. घेणाऱ्यांचा काहीच दोष नव्हता. अशा प्रकरणांत कारवाईला प्राधान्य देणार नाही, असे ओफॅकला पुढे स्पष्ट करावे लागले. (ते निर्बंध मार्च 2025 मध्ये उठले. यादी अशी बदलत असते, म्हणून जुन्या निकालावर विसंबू नये.)

कागदपत्रे

एक्स्चेंजने जमा रक्कम थांबवली की बहुतेकांची धावपळ इथेच होते, कारण पैसा कुठून आला हे दाखवणारे काही हाताशी नसते. तपासणीचा निकाल तारीख-वेळेसह जपा. प्रत्येक मोठ्या व्यवहाराचा ट्रान्झॅक्शन हॅश (ब्लॉकचेनवरचा व्यवहार क्रमांक), पाठवणाऱ्याशी झालेला करार, बिल किंवा संभाषण, मूळ खरेदीचे एक्स्चेंजवरचे स्टेटमेंट, त्या खरेदीसाठी बँकेतून गेलेल्या रकमेची नोंद आणि पगार, व्यवसाय किंवा मालमत्ता विक्रीचा पुरावा जवळ ठेवा. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा बहुधा आधीच दिलेला असतो, फक्त मुदत संपलेला नको. बंद पडणाऱ्या एक्स्चेंजवरची स्टेटमेंट वेळीच उतरवून घ्या, नंतर ती मिळणे कठीण.

वॉलेट आपलेच आहे हे दाखवायला एक्स्चेंज ठरावीक मेसेजवर वॉलेटमधून डिजिटल सही करायला किंवा अगदी छोटी रक्कम स्वतःच्याच खात्यात पाठवायला सांगू शकते. ही रीतसर पद्धत आहे, पण ती विनंती तुमच्या खात्यात लॉगिन केल्यावर दिसायला हवी, ईमेलमधल्या लिंकवरून नव्हे.

उत्तर देताना घटनाक्रम तारखांसह एका पानात मांडा आणि प्रत्येक ओळीपुढे तिचा पुरावा जोडा. समोरचा कर्मचारी कारण सांगत नसेल तर वाद घालू नका. संशयास्पद व्यवहाराचा अहवाल दिला आहे का, हे ग्राहकाला सांगायला त्याला मनाई असते.

रक्कम ओफॅकच्या निर्बंधांखालीच गोठवली असेल, तर एक्स्चेंजलाही ती स्वतःच्या निर्णयाने सोडता येत नाही. त्यासाठी ओफॅककडे विशिष्ट परवान्याचा अर्ज ऑनलाइन करायचा असतो आणि त्याला शुल्क नाही. त्यात रक्कम कोणाची, कोणी गोठवली, कोणत्या तारखेला आणि व्यवहारात कोण कोण होते, हे कागदपत्रांसह द्या. ज्यांचे नावच यादीत आहे त्यांचा मार्ग वेगळा: नोंदीची तारीख, संपर्काचा पत्ता आणि नोंद का काढावी याची सविस्तर कारणे लिहून फेरविचाराचा अर्ज करायचा. वकील नेमलाच पाहिजे अशी अट नाही.