शरीरमान आणि खेळक्षमता (किशोर आइस हॉकी)

आइस हॉकी खेळणाऱ्या मुलामुलींची उंची, वजन आणि शारीरिक पक्वता यांचा त्यांच्या खेळावर, संघनिवडीवर आणि सुरक्षिततेवर होणारा परिणाम हा क्रीडाशास्त्रातील बराच अभ्यासलेला विषय आहे. साधारण ११ ते १५ या वयात हा प्रश्न सर्वांत टोकदार होतो. एकाच वयोगटात ३५ किलोचा आणि ६५ किलोचा मुलगा समोरासमोर येऊ शकतो, आणि दोघांनाही त्याच पकसाठी (स्टिकने मारायच्या रबरी चकतीसाठी) झुंजायचे असते.

ही तफावत बहुतांशी वाढीच्या वेळापत्रकातून येते. उंची वाढण्याचा वेग मुलींत सरासरी १२व्या आणि मुलग्यांत १४व्या वर्षाच्या सुमारास शिखरावर असतो. मात्र एखाद्याची वाढ वर्ष-दोन वर्षे आधीच उसळी घेते, तर एखाद्याची तितकीच रेंगाळते. ऐन भरात मुलगा वर्षाला ९-१० सेंटिमीटर वाढतो. वजन त्यामागून येते आणि स्नायूंचे बळ त्याच्याही नंतर. म्हणजे पाय आधी लांब होतात, ते पेलणारी ताकद मागाहून येते. स्केटच्या अरुंद पात्यावर तोल सांभाळणाऱ्या मुलाला हे अंतर चांगलेच जाणवते: कालपर्यंत सहज जमणारे वळण बिघडते, उलट्या दिशेने स्केटिंग करताना पाय अडखळतात. या काही महिन्यांतल्या अवघडलेपणाला आळस किंवा उतरलेला खेळ ठरवणे हा त्या मुलावर अन्याय आहे.

मोठे शरीर सगळीकडे सारखे उपयोगी पडत नाही. लांब हात आणि लांब स्टिक यांमुळे बचावपटूचा आवाका वाढतो. कडेच्या फळ्यांलगतच्या झटापटीत वजन कामी येते. गोलची चौकट १.२२ मीटर उंच आणि १.८३ मीटर रुंद असते, त्यामुळे गुडघ्यांवर बसलेल्या लहानखुऱ्या गोलरक्षकाच्या खांद्यांवरचे कोपरे उघडेच राहतात. वेग घेण्याचा हिशेब मात्र वेगळा आहे. तिथे वजनाच्या प्रमाणात पायांत किती जोर आहे हे महत्त्वाचे ठरते, आणि नुसता आकार कित्येकदा ओझेच होतो. पक हाताळणे, मोकळी जागा हेरणे, योग्य क्षणी पास देणे यांचा तर किलोंशी फारसा संबंध नाही.

खरा वाद बॉडी चेकिंगचा, म्हणजे पक असलेल्या खेळाडूला अंगाने धडक देऊन अडवण्याच्या डावपेचाचा आहे. बर्फावर पाय रोवून उभे राहता येत नाही. समान वेगाने समोरासमोर आलेल्या दोघांत एकाचे वजन दुसऱ्याच्या दुप्पट असेल, तर हलक्या खेळाडूच्या वेगात होणारा बदल दुप्पट असतो. डोक्याला बसणारा हिसकाही त्याच मानाने मोठा. कॅनडात अल्बर्टा प्रांतात ११-१२ वर्षांच्या मुलांना अशी धडक देण्याची मुभा होती, क्वेबेकमध्ये नव्हती. दोन्हीकडच्या दोन हजारांहून अधिक मुलांची तुलना करणारा अभ्यास २०१०मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अल्बर्टातील मुलांना दुखापतीचा आणि मेंदूला धक्का बसण्याचा धोका तिपटीहून अधिक आढळला. अमेरिकेने २०११-१२च्या हंगामापासून आणि कॅनडाने २०१३-१४पासून या वयोगटात बॉडी चेकिंग बंद केले. मुलांना लवकर धडका खायला शिकवले की ती पुढे सुरक्षित राहतात, हा जुना युक्तिवाद या आकड्यांपुढे फारसा टिकत नाही.

निवडीच्या बाबतीत शरीरमानाची फसवणूक अधिक सूक्ष्म आहे. कॅनडात वयोगट १ जानेवारीपासून मोजले जातात. त्यामुळे जानेवारीत जन्मलेले मूल डिसेंबरात जन्मलेल्या सहकाऱ्यापेक्षा जवळजवळ एक वर्षाने मोठे असते. मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली आणि सहकाऱ्यांनी १९८५मध्ये दाखवून दिले, की वरच्या दर्जाच्या संघांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांची गर्दी असते. निवडणाऱ्याला जे कौशल्य वाटते, त्यात वाढीच्या आघाडीचा वाटा असतो. मग अशा मुलांना चांगले प्रशिक्षक आणि जास्त सराव मिळतो व फरक आणखी रुंदावतो. पुढे २०१३मधील एका विश्लेषणात आढळले, की एनएचएलच्या (उत्तर अमेरिकेतील मुख्य व्यावसायिक आइस हॉकी लीगच्या) ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी आळीपाळीने तरुण खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेत, वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेले खेळाडू उशिरा निवडले जात असले, तरी त्या क्रमांकाच्या मानाने त्यांची कारकीर्द सरस ठरते.

आइस हॉकीतील सर्वांत नामांकित खेळाडूंपैकी एक असलेला वेन ग्रेट्स्की सहाव्या वर्षी दहा वर्षांच्या मुलांच्या संघात खेळू लागला, तेव्हा जर्सी इतकी मोठी होती की तिची उजवी बाजू पँटमध्ये खोचावी लागे. ही सवय त्याने एनएचएलमध्येही सोडली नाही. एनएचएलमधलाच मार्टिन सेंट लुई जेमतेम १७३ सेंटिमीटर उंच. ड्राफ्टमध्ये त्याला कोणीच घेतले नाही, आणि २००४मध्ये सर्वाधिक गुणांच्या मानाबरोबर सर्वोत्तम खेळाडूची हार्ट ट्रॉफीही त्यानेच पटकावली. दुसऱ्या टोकाला २०६ सेंटिमीटरचा झ्देनो खारा. १९९६मध्ये त्याची निवड ५६व्या क्रमांकावर झाली आणि २००९मध्ये तो सर्वोत्तम बचावपटू ठरला. अशा उदाहरणांवरून उंची बिनमहत्त्वाची ठरत नाही, कारण व्यावसायिक खेळाडू गेल्या शतकात सरासरीने बरेच उंच आणि वजनदार झाले आहेत. मात्र बाराव्या वर्षीची उंची पाहून विसाव्या वर्षीचा खेळाडू ओळखता येत नाही.

लहानग्यांसाठी मैदान आणि साहित्य शरीराच्या मापाने बेतण्याचा मार्ग अधिक शहाणपणाचा आहे. अमेरिकेत आठ वर्षांखालील मुले रिंकच्या (बर्फाच्या मैदानाच्या) आडव्या पट्ट्यात खेळतात आणि त्यांची निळी पक सुमारे ११३ ग्रॅमची असते. नेहमीची काळी पक सुमारे १७० ग्रॅम भरते. किशोरांसाठी वयाऐवजी पक्वतेनुसार गट पाडण्याचे प्रयोग फुटबॉलमध्ये आधी झाले. त्यासाठी हाडांचा एक्स-रे लागतोच असे नाही: कॅनडातील सस्कॅचवन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००२मध्ये मांडलेल्या सूत्राने उंची, बसलेली उंची, पायांची लांबी, वजन आणि वय यांवरून उंचीच्या वेगाचे शिखर किती दूर आहे याचा अंदाज येतो. फार लवकर किंवा फार उशिरा वाढणाऱ्या मुलांबाबत हा अंदाज चुकतो, म्हणून एकाच मोजणीवर न थांबता दर काही महिन्यांनी मापे घ्यावी लागतात.